मातीवाल्या वहिनी

गाडी पाहायच्या आधीच मातीवाल्या वहिनींना गाडीवाल्याचा राग यायचा. कोणी गाडी उभी करून खाली उतरला आणि खिशातल्या रुमालाने बॉनेटवरची धूळ झटकू लागला, की दुकानाच्या आतून आवाज येई, "ओ भाऊ! तो रुमाल खिशात घाला आधी. कोरडी धूळ घासताय, रेघा पडत्यात तिथं!" गिऱ्हाईक नवे असो की जुने, त्याने काही फरक पडत नसे. गारखेड्यातल्या आमच्या इमारतीत मी त्यांच्या दुकानाच्या बरोबर वर राहते. सकाळचा चहा मी या आरड्याओरड्याच्या सोबतीनेच घेत असे, आणि खरे सांगायचे तर तो नसला तर चुकल्यासारखे वाटे.

वहिनी पाचोडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. लग्न होऊन शहरात आल्या. नवरा वाळूजच्या एका कंपनीत पाळीने कामाला. वहिनींनी आधी रंगाच्या दुकानात काउंटर सांभाळला आणि मग आमच्या तळमजल्यावरचा गाळा भाड्याने घेऊन गाड्या चकचकीत करण्याचे स्वतःचे दुकान टाकले. गाडीच्या रंगात रुतलेला कचरा ओढून काढायला क्ले वापरतात, साबणाच्या वडीएवढा मऊ गोळा. वहिनी त्याला सरळ 'माती' म्हणत. त्यावरून गल्लीने त्यांना हे नाव दिले. देणाऱ्यांनी ते चेष्टेत दिले होते, पण वहिनींनी ते आनंदाने घेतले. "मातीच हाय की ती. शेतातली नाय, एवढंच."

एका प्रश्नाने मात्र त्यांचे डोके फिरायचे. "साहेब कुठे आहेत?" दुकानात फडके हातात घेऊन त्या उभ्या असत, पाटीवर त्यांचेच नाव असे, तरी येणारा त्यांच्या खांद्यावरून आत डोकावून साहेबांना शोधायचा. एकदा तर एका गृहस्थाने वहिनींकडून सगळी माहिती नीट ऐकून घेतली आणि शेवटी बाकावर चहा पीत बसलेल्या अनोळखी माणसाला विचारले, "मग काय साहेब, करून टाकायचं का?" वहिनी म्हणाल्या, "त्यांना काय इचारता? ते पंक्चर काढायला आलेत, चुकून इथं बसलेत. साहेब मीच हाय, बोला." मी जिन्यात उभी राहून हसले होते. पण वर गेल्यावर माझ्याच मनात ती गोष्ट सलत राहिली. हे रोज ऐकून घ्यायचे म्हणजे काय, हे मला माझ्या कचेरीत चांगले ठाऊक होते.

माझी जुनी पांढरी गाडी मी घेण्याआधी वाळूजच्याच एका कामगाराकडे होती. कारखान्याच्या आवारात वर्षानुवर्षे उभी असायची. धुतली तरी रंगावर बारीक तपकिरी ठिपके राहत. वहिनींनी माझ्या हातात पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली आणि म्हणाल्या, "आता फिरवा हात." नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारे दार पिशवीतून चक्क वाळूच्या कागदासारखे लागले. "लोखंडाचा चुरा हाय, ताई. हवेतून येऊन बसतो आन तिथंच गंजतो." त्यांच्या फळीवर मऊ, मध्यम आणि कडक अशा तिन्ही मात्या होत्या. मी घाईने कडक मागितली. वहिनी माझ्यावर उखडल्या. "लगेच कडक कशाला? आधी मऊ लावून बघायची. तिनं भागत आसंल तर दुसरीला हात लावायचा नाय. गाडीचा रंग म्हंजे काय तवा हाय का घासायला?" साबणाचे पाणी मारत, गोळा परत परत मळून त्याची स्वच्छ बाजू वर काढत, त्यांनी मऊ मातीनेच माझी गाडी साफ केली. मधेच गोळ्याचा तुकडा जमिनीवर पडला तर तो उचलून सरळ कचऱ्यात टाकला. त्याला खडा चिकटला असेल तर पुढच्या प्रत्येक हाताला ओरखडा उठेल, म्हणून.

धातूच्या पॉलिशच्या बाबतीत तर त्यांचा बाजारातल्या निम्म्या डब्यांशी उभा दावा होता. नवी डबी आली की झाकण उघडून वास घ्यायच्या, चिमूटभर पॉलिश दोन बोटांत चोळायच्या आणि निकाल द्यायच्या. "ही समईला बरी. गाडीला नाय." कोणत्याही चमकणाऱ्या भागाला एकच डबी फासणाऱ्यांविषयी त्या बोलू लागल्या की ऐकवत नसे. स्टील वेगळे, ॲल्युमिनियम वेगळे, आणि धातूसारखे दिसणारे प्लास्टिक त्याहून वेगळे. ओळखू आले नाही तर खालच्या कोपऱ्यात, दिसणार नाही तिथे, आधी लावून बघायचे. एवढी साधी गोष्ट लोक करत नाहीत, याचा त्यांना मनापासून राग होता.

आमच्याच इमारतीत एक ठेकेदार राहतात. मुलीचा साखरपुडा वैजापूरला होता आणि त्यासाठी त्यांना आपली मोठी काळी गाडी आरशासारखी हवी होती. गाडीबरोबर ते पॉलिशची डबीही घेऊन आले. म्हणाले, खिडक्यांखालच्या चांदीसारख्या पट्ट्यांना हेच लावा, मशीन फिरवा. वहिनींनी मागच्या पट्टीच्या टोकाला बोटाने जरासे लावून पाहिले आणि डबी परत दिली. "साहेब, ही पट्टी धातूची नाय. प्लास्टिकवर मुलामा हाय. ह्या पॉलिशनं मुलामाच निघंल. मी लावणार नाय." ठेकेदार म्हणाले, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" वहिनींनी पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून त्या झाकल्या, बाकी गाडी केली, आणि ठेकेदारांसमोर चिकटपट्टी काढून गाडी ताब्यात दिली. तेव्हा मी तिथेच होते. पट्ट्या होत्या तशाच होत्या.

दोन दिवसांनी इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. पट्ट्यांवर काळपट डाग पडले होते, मुलामा पापुद्र्यासारखा उडाला होता. खाली ठेकेदारांनी लिहिले होते, "मातीवाल्या बाईंनी गाडीची वाट लावली. बायकांच्या हातात गाड्या देऊ नका." त्यावर हसरे चेहरे आले, अंगठे आले. ज्यांच्या गाड्या वहिनींनी पोटच्या पोरासारख्या पुसल्या होत्या, त्यांनीही लिहिले की आम्हालाही शंका होतीच. मी लिहिले की मी पाहिले आहे, वहिनींनी पट्ट्या झाकूनच काम केले. उत्तर आले, "मॅडम, मैत्रीण आहे तुमची, आम्ही समजू शकतो." आणि वहिनी त्या ग्रुपमध्ये नव्हत्याच! भाडेकरू दुकानदारांना तिथे घेत नाहीत. जिथे त्यांची अब्रू काढली जात होती, तिथे त्यांना एक शब्द बोलायला जागा नव्हती. मी खाली जाऊन त्यांना फोन दाखवला. त्यांनी तो मजकूर दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच आवाज न चढवता म्हणाल्या, "घरी घासलं त्यांनी. दुसरं काय?"

ते खरेच होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ठेकेदारांचे ड्रायव्हर गफूरभाई दुकानात आले. वयस्कर माणूस, मान वर करीना. मी बाकावर बसले होते. "भाभी, घासा तो मैंनेच. साहब खडे होके घिसवाए. मैं सोसायटी की मीटिंग में बोल देता."

"आन मग?" वहिनींनी विचारले.

"फिर क्या, दूसरी नोकरी ढूंढूंगा."

"ह्या वयात?" वहिनी कडाडल्या. "तुमच्या पोटावर पाय देऊन मला माझं नाव धुवायचं नाय. गप बसा तुम्ही. ताई, तुम्हीबी ह्यांचं नाव घ्यायचं नाय."

रविवारी पार्किंगमध्ये सोसायटीची बैठक होती. वहिनी न बोलावता आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी त्या पट्टीला मशीन लावलेली नाय. नाय म्हणून सांगितलं होतं." ठेकेदार खुर्चीत मागे रेलले आणि मोठ्या मनाचा आव आणून हसले. "जाऊ द्या हो. माणसाकडून चूक होते. मी भरपाई मागत नाही. माफ केलं तुम्हाला."

लोकांनी माना डोलावल्या. किती चांगला माणूस, असे कोणीतरी म्हणालेही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माफी नका देऊ," वहिनी म्हणाल्या. "केलंच नाय, तर माफी कशाची? जिथं लिवलंय तिथंच 'चूक झाली' लिवून खोडा. बास, दुसरं काय बी नको." एक नाव घेतले असते तर सगळे तिथेच मिटले असते. त्यांनी ते घेतले नाही. मीही शब्द दिला होता. अध्यक्ष म्हणाले, आता पाण्याच्या टाकीचा विषय घेऊ.

गिऱ्हाईक आटले. गाळ्याच्या मालकाने पुढचा करार केला नाही. वहिनींनी फळ्या, मशीन, पाटी सगळे एका टेम्पोत भरले आणि वाळूजला, कंपन्यांच्या रस्त्यावर दुकान हलवले. जाताना डोळ्यांत पाणी नव्हते. टेम्पोवाल्याने मशीनवर खोके ठेवले म्हणून त्या त्याला झापत होत्या, तशाच निघून गेल्या. आता तिथे पाळी सुटली की कामगारांच्या मोटारसायकली रांगेत उभ्या असतात. मीही तिथेच जाते.

वर्षभराने गफूरभाईंनी आपणहून नोकरी सोडली, मुलाच्या दुकानात बसायला लागले, आणि मग चहाच्या टपरीवर उघडपणे सगळे सांगितले. इमारतीतल्या प्रत्येकाच्या कानावर ते गेले. "अरेरे, असं होतं होय," लोक म्हणाले. ग्रुपवर एक ओळ आली नाही. मी गफूरभाईंना विचारून खरे काय ते सविस्तर लिहिले. खाली कोणीतरी दोन जोडलेले हात टाकले आणि लगेच कोणीतरी जुना सोफा विकायला काढला.

मी वहिनींना हे सांगितले. त्यांनी विचारले, "मग खोडलं का त्यांनी?" मी नाही म्हणाले. त्यांनी फडके पिळले, झटकले आणि शेजारच्या गाडीकडे वळल्या. त्यांचा चेहरा मला दिसला नाही.

तेव्हापासून ग्रुपवर कोणीही गाडी कुठे करून घ्यावी असे विचारले, की मी वहिनींचा पत्ता देते आणि खाली लिहिते, काळ्या गाडीच्या पट्ट्या त्यांनी बिघडवलेल्या नाहीत, ठेकेदारांनी घरी घासून घेतल्या. परवा ठेकेदार लिफ्टमध्ये भेटले. दार बंद झाले. मग म्हणाले, "मॅडम, तेच तेच किती वेळा लिहिणार?"

"तुम्ही खोडेपर्यंत," मी म्हणाले.