तेरडा की ताम्हण

माझे चुलत सासरे हे बोरीवली पूर्वेतले एकमेव गृहस्थ असतील, ज्यांनी जगातली यच्चयावत माणसं, वस्तू आणि खाण्याचे पदार्थ दोनच जातींत वाटून टाकले होते. एक तेरडा, दुसरी ताम्हण. तेरडा म्हणजे पावसाळ्यात वाफ्यात उगवणारं, गुडघाभर उंचीचं, गुलाबी-पांढऱ्या फुलांनी चार दिवस नटून गौरी-गणपतीबरोबर आटोपणारं रोप. ताम्हण म्हणजे वर्षानुवर्षं उभं राहून ऐन उन्हाळ्यात जांभळ्या घोसांनी मढणारं झाड. "तेरड्याचा रंग तीन दिवस, हे काय लोक उगाच म्हणतात?" असं काका विचारत आणि उत्तर द्यायला कुणी तोंड उघडलंच, तर त्यालाही तेरड्यात टाकत. एकदिवसीय क्रिकेट तेरडा, कसोटी ताम्हण. दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवया तेरडा, घावणे ताम्हण. रंगीत टीव्ही तर शंभर टक्के तेरडा; पण मुलाने तो घरात आणल्यावर रविवारी सकाळी काका त्याच्यासमोरून हलत नसत. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "किती दिवस टिकतो ते बघतोय."

माझं लग्न ठरलं तेव्हा मीही या परीक्षेतून गेलो. त्या दिवशी मी हौसेने फुलाफुलांचा शर्ट घातला होता. काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्या देखतच माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना सांगितलं, "मुलगा तेरडा आहे. पण चालेल, आपली पोरगी ताम्हण आहे." हे वाक्य आमच्या घरात अजून वापरात आहे. कोण वापरतं ते सांगायला नको.

काका गिरणीत टाइमकीपर होते. गिरणीला त्यांनी ताम्हणांतलं पहिलं पान दिलं होतं. "माझ्या नातवालासुद्धा सावली देईल," असं ते म्हणायचे. मग गिरणी बंद पडली ती पडलीच. काकांना भोंगा वाजायच्या वेळी उठायची सवय तेवढी राहिली. त्याच पावसाळ्यात त्यांनी कुठून तरी ताम्हणाचं काडीएवढं रोप आणलं आणि तळमजल्यावरच्या आपल्या खिडकीसमोर, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जी चिंचोळी माती होती, तिच्या बरोब्बर मध्यावर लावलं.

आता त्या मातीवर आधीपासून कुळकायदा लागू होता. तिथे काकूंचा तेरडा होता. गावच्या घराचं भाऊबंदकीत वाटोळं झाल्यापासून त्यांचे गणपती बोरीवलीलाच बसत, आणि कोकणातल्या पुष्कळ घरांसारखी त्यांची गौर तेरड्याची. मुळांसकट उपटलेली रोपं एकत्र बांधायची, त्यांना मुखवटा लावायचा, साडी नेसवायची. काकूंनी माहेरून पदराला बांधून आणलेलं बी दर पावसाळ्यात याच मातीत रुजे, गौरीला फुलावर येई, आणि मागे राहिलेल्या रोपांचं बी काकू पुढच्या वर्षासाठी पुरचुंडीत ठेवत. नवराबायकोचा यावरचा वाद मी अनेक वर्षं तटस्थपणे ऐकला आहे. काका म्हणत, "ज्याच्यासाठी आपण वाकतो ते रोप, ज्याच्याखाली आपण उभे राहतो ते झाड." काकू तांदूळ निवडता निवडता म्हणत, "उभे ऱ्हवा मगे. तुमचा झाड फुलतला कधी?" काकांच्या बोलण्याला वजन असे, पण काकूंचा तेरडा सांगितल्या महिन्यात हजर होई. बागेच्या दृष्टीने विचाराल तर माझं मत असं, की माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

ताम्हण वाढलं मात्र झकास. वाढणार नाही तर काय! घरात आलेली मासळी धुतलेलं पाणी त्याच्या मुळाशी जाई. बांगड्याच्या दिवशी सोसायटीतली समस्त मांजरं झाडाखाली सभा भरवत. शेणखत, चहाची पावडर, देवाचं निर्माल्य, सगळं त्यालाच. पानं ताटाएवढी झाली, फांद्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोरीवरच्या परकरांपर्यंत पोचल्या, आणि फूल म्हणाल तर एक नाही. सेक्रेटरी एकदा भीत भीत म्हणाले, "काका, थोडं छाटून टाकू या ना?" काका लुंगी खोचून झाडाला पाठ लावून उभे राहिले. "हात लावून तर बघा! गिरणीला लावलात तेवढा पुरे." सेक्रेटरींचा गिरणीशी काडीचा संबंध नव्हता. ते बिचारे आल्या पावली परत गेले.

मग तो पावसाळा आला. आदल्या वर्षी झाडाच्या सावलीत तेरडा कसाबसा उगवला होता आणि बी धरलं होतं जेमतेम चिमूटभर. काकूंनी तेवढं पेरलं. रोपं आली ती पिवळी, लांबुडकी, उन्हासाठी माना वाकड्या केलेली. त्यातून घरात नवी सून आलेली आणि गौरीपुढे तिचा पहिला ओवसा त्याच वर्षी होता. नव्या सुनेने नटूनथटून सुपात वाण घ्यायचं आणि गौरीला ओवाळायचं, हा कोकणातल्या घरांत केवढा सोहळा! काका म्हणाले, "त्यात काय? स्टेशनबाहेर बायका तेरड्याच्या जुड्या घेऊन बसतात. मी आणतो."

त्या दिवसापासून काकूंच्या हातचं मासळीचं पाणी झाडाऐवजी मोरीत जायला लागलं. मांजरांनी सभा बरखास्त केली. काकांनी एक दिवस सोसलं, दोन दिवस सोसलं, मग विचारलं, "हे काय चाललंय?"

"बाजारातली गवर ती पावणी," काकू म्हणाल्या. "आपल्या मातयेतली ती म्हायेरवाशीण. माझ्या म्हायेराचा बियाणा ह्या, औंदा फुलला नाय तर सपला. मगे काय मी तुमच्या झाडाच्या पाल्याची गवर करू?" एवढं बोलून त्यांनी डोळ्याला पदर लावला. त्या बाईला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि काकांनीही पाहिलं नसावं.

त्या रविवारी काकांनी मला बोलावणं पाठवलं. गेलो तर हातात कोयती. "जावईबापू, स्टूल धरा." मी म्हटलं, काका, माळी बोलावू या. "माझं झाड आहे," एवढंच म्हणाले आणि वर चढले. एक फांदी खाली आली. वरूनच त्यांनी विचारलं, "ऊन आलं?" मी म्हटलं, थोडं आलं. दुसरी आली. "ऊन आलं?" मी खिडकीकडे बघितलं. काकू गजांना धरून उभ्या होत्या. "आजून येक," त्या हळूच म्हणाल्या. असं करत करत मुंजीतल्या बटूसारखं ते झाड मोकळं झालं आणि तेरड्यावर लख्ख ऊन पडलं. काका खाली उतरले, कोयती माझ्या हातात दिली, घरात गेले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. मला फार वाईट वाटलं. पुढे कितीतरी दिवस ते त्या खिडकीशी बसले नाहीत.

गौरीला तेरडा फुलला. काकूंनी तो मुळांसकट उपटला, सुनेने सूप ओवाळलं आणि ती काकांच्या पाया पडली. तिच्या डोक्यावर हात ठेवून काका पुटपुटले, "ताम्हण आहे पोरगी." काकूंनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. आणि पुढच्या उन्हाळ्यात, जिथे जिथे कोयती बसली होती तिथून निघालेल्या नव्या फांद्यांच्या टोकाटोकाला जांभळे घोस आले. रस्त्याने जाणारे लोक थांबून बघायचे. मी पेढे मागायला गेलो, तर काका झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. "इतकी वर्षं मी त्याला नुसता खाऊ घालत होतो हो," म्हणाले. त्यांनी त्या दिवशी कुणालाही कुठल्याही जातीत टाकलं नाही.

पुढे काकू गेल्या. सोसायटी पाडून नवी उभी राहिली, त्यात ताम्हणही गेलं. काका मुलाकडे दहिसरला राहायला गेले. मध्यंतरी त्यांना भेटायला गेलो. चौथा मजला, आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये डालडाच्या डब्यात तेरड्याची रोपं, थोडी पिवळी.

"समोर टॉवर झाला," काका म्हणाले. "त्याची सावली पडते. तो कसा छाटणार, सांगा?" मग त्यांनी डबा जपून उचलला, पाय ओढत दुसऱ्या खोलीत नेला आणि तिथल्या खिडकीत ठेवला. आता त्यांना नीटसं दिसत नाही.

"जावईबापू, ऊन आलं?"

"आलं, काका," मी म्हणालो.