ती आमच्या घरची नव्हे

आमच्या ह्यांना नको तिथे मोठेपणा करायची भारी हौस. त्या दिवशी ती हौस एका पोरीच्या जिवावर बेतली असती.

ऐंशीच्या दशकातलं अमेरिकेतलं ॲन आर्बर. ह्यांना लॅबमध्ये नुकतीच नोकरी लागली होती. ओळखीतल्या एका मुलीला नवऱ्याने घराबाहेर काढलं आणि तिची दोन वर्षांची लेक स्वतःकडे ठेवून घेतली. ती आमच्याकडे आली. लेक कोणाकडे राहणार याची सुनावणी सोमवारी होती. नवऱ्याने वकील दिला होता, हिला कोणीच नव्हतं. गरिबांची केस वकिलाकडे विनामूल्य पाठवणारं एक ऑफिस होतं. तिथली बाई आधी चौकशी करायची, मग आतली कमिटी हो की नाही ते ठरवायची. आम्ही दोघं तिला घेऊन तिथे गेलो.

"राहता कोणाकडे?" बाईने विचारलं.

ती तोंड उघडणार, तोच हे म्हणाले, "आमच्याकडे. माझी बहीणच आहे ही. फॅमिली!"

बाईचं पेन थांबलं. फॅमिली असेल तर घरातल्या सगळ्यांचा पगार धरावा लागतो, म्हणाली. झालं! आमचा पगार फुकटच्या वकिलासाठी जास्त आणि विकतच्या वकिलासाठी कमी.

"अहो, खरं सांगा ना! कोण लागते ती आपली?" मी मराठीत ओरडलेच.

"घरात घेतलेल्या मुलीला तिच्या तोंडावर परकी म्हणू? माझ्याच्याने नाही व्हायचं."

"मग तिची पोर गेली तरी चालेल तुम्हाला?"

बाई घड्याळाकडे बघायला लागली. तेवढ्यात ती मुलगीच म्हणाली, "दादा, मी सांगते." आणि बाईकडे वळून, मोडक्या इंग्रजीत पण ठणकावून, "हे माझे कोणी नाहीत. राहायला जागा दिली, एवढंच."

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मला इतकी दया आली, आणि तितकाच रागही.

सोमवार जवळ आला होता म्हणून कमिटीने लगेच अर्ज घेतला. आम्ही बाहेर बाकावर बसलो. शेवटी बाई दार उघडून म्हणाली, वकील मिळाला.

ती मुलगी उठली आणि सवयीने ह्यांच्या पाया पडायला वाकली. बाई दारातच उभी राहून बघत होती. मी मुलीचा दंड धरून खसकन तिला सरळ केलं.

"इथे नको," मी म्हणाले. ह्यांनी आशीर्वादाला पुढे केलेला हात खिशात घातला.