लॅपटॉपमधले तांदूळ

दोन हजार आठ-नऊच्या सुमारास माझ्याकडे जो गेमिंग लॅपटॉप आला, तो पुण्याच्या मामेभावाने आधीच चांगला पिळून काढलेला होता. सुरू केला की पहिली पंधरा मिनिटं गेम झकास चालायचा. मग माझी गाडी भर शर्यतीत अडखळायची आणि मागचे सगळे खुशाल पुढे निघून जायचे.

मी निदान करून मोकळा झालो होतो: मेमरी कमी पडतेय, वाढवली की झालं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असल्यामुळे घरात मला कोणी आडवं येत नसे. मी हे इतक्यांदा ऐकवलं होतं की आईलाही ‘रॅम’ हा शब्द पाठ झाला होता.

पटलं नव्हतं ते फक्त अण्णांना. माझे वडील सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर टर्नर होते. कुठल्याही मशीनचा आवाज बदलला की तिथे आधी त्यांना हाक मारत. त्यांनी लॅपटॉपला कान लावला, मागच्या जाळीपाशी तळहात धरला आणि त्यांच्या घोटीकडच्या बोलीत म्हणाले, “सुरुवातीला बरं चालतं ना? मग जागा कमी कशी? कमी असती तर पहिल्यापासून अडलं असतं. हे लय तापतंय. आतल्या पंख्याला वारा मिळत नाय.”

“अण्णा, हा तुमचा लेथ नाहीये,” मी म्हणालो. धाकटी बहीण फिसकन हसली. तिचं हसणं मला तेव्हा आवडलं होतं.

त्याच संध्याकाळी गेम अडखळत असताना मी मेमरी किती वापरली जातेय ते पाहिलं. निम्मी रिकामी होती. म्हणजे अण्णांचं बरोबर होतं. पण एवढं तोंड वर करून बोलल्यावर शब्द मागे घ्यायला जीभ रेटेना. आणि मी गप्प आहे तोवर अण्णांनीच एक दिवस पहिली पाळी संपवून येताना नवी मेमरी आणली. “तुला वाटतंय ना, मग टाकून बघ,” एवढंच म्हणाले. मी ती बसवली. पंधरा मिनिटं झकास गेली, आणि गाडी पुन्हा अडखळली.

मग मी लॅपटॉप शरणपूर रोडवरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने माझ्यासमोरच तो खोलला. पंख्याच्या तोंडावर राखाडी तंतूंचा जाड थर बसला होता, चिमटीत धरून ओढला तर अख्खा निघाला. बाहेरच्या जाळीत कुंकवाने लाल झालेले चार तांदूळही अडकले होते. ते दसऱ्याचे. अण्णा दसऱ्याला मापाचा व्हर्नियर, विळा, स्कूटर यांच्याबरोबर लॅपटॉपलाही हळदकुंकू लावून अक्षता वाहत. “तांदळाचं काही नाही, ते बाहेरच राहिलेत,” दुरुस्तीवाला म्हणाला. “तुम्ही हा गादीबिदीवर ठेवून वापरता का?”

वापरत होतो. थंडीत मी गोधडीत पाय घालून बसे आणि लॅपटॉप गोधडीवरच ठेवत असे. आईने दहादा हटकलं होतं. तंतूंचा तो थर मी दुकानातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. तांदूळ मात्र कागदात बांधून घरी नेले.

सगळे चहाला बसले होते. मी पुडी अण्णांसमोर उघडली. “हे निघालं पंख्यातून,” मी म्हणालो. पंख्यातून, असंच म्हणालो. गोधडीबद्दल चकार शब्द काढला नाही.

अण्णांनी एक तांदूळ बोटाने उलटा करून बघितला. “चुकलंच माझं,” म्हणाले आणि पुडी उचलून देव्हाऱ्याजवळ ठेवून आले. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी चहा प्यायलो.

पुढच्या दसऱ्याला बाकीच्या सगळ्या वस्तूंना कुंकू लावून झाल्यावर त्यांनी लॅपटॉपकडे बोट करून तबक माझ्याकडे सरकवलं. “त्याला तूच लाव. मला त्याच्या आतलं कळत नाय.” मी कुंकवात बोट बुडवलं.

त्यानंतर चार दिवसांनी शेजारच्या काकू मिक्सर घेऊन आल्या. घरघरतोय, जरा बघता का, म्हणाल्या. अण्णांनी बटण दाबलं, मान तिरकी करून क्षणभर ऐकलं. त्यांना कळलं होतं, मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांनी बटण बंद केलं.

“दुकानात दाखवा वहिनी. माझ्या हातून उगाच बिघडायचा.”

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी उठलो, मिक्सर उचलला आणि म्हणालो, “द्या, मी नेतो.”

“बरं झालं,” अण्णा त्यांना म्हणाले, “ह्याला त्यातलं कळतं.”