कंसबाई आणि चाळीस पानांचं उत्तर

संस्थेच्या संगणकाच्या, म्हणजे मशीनच्या, खोलीत सगळे त्यांना कंसबाई म्हणत. काम तसंच होतं. आकडेमोड कुठलंही मशीन करतं, पण विभागाच्या सरांनी अशी भाषा काढली होती म्हणे, की मशीन क्ष, य ही अक्षरं घेऊन सरळ बीजगणित करील. त्या भाषेत कंसाच्या पोटात कंस, त्याच्या पोटात आणखी एक. सर कागदावर खरडत, बाई ते कार्डांवर भोकं पाडून उतरवत, आणि सर जे कंस मिटवायला विसरत ते गुपचूप मिटवत. गेली सहा वर्षं, आणि तीही हंगामी! "कंस मोजायला माणूस लागतं होय गं वहिनी?" नणंद विचारायची आणि स्वतःच हसायची. बाईंना भयंकर राग यायचा.

या खेपेला मात्र सरांनी शब्द दिला होता. मंगळवारी संस्थेचं मंडळ मशीन बघायला येणार. प्रयोग जमला की बाई कायम.

सोमवारी प्रयोगाच्या गणिताचं उत्तर मशीनमधून छापून आलं. चांगली चाळीस पानं! सर वरमाईसारखे मिरवत फिरले. बाई पानं लावायला बसल्या आणि अडल्या. तिसऱ्या पानावर 'अधिक क्ष गुणिले य', सतराव्यावर 'उणे य गुणिले क्ष'. अहो, दोन्ही एकच ना! शाळेतलं पोरही खोडून मोकळं होईल. पण हे मशीनला सांगायचंच सर विसरले होते. अक्षरांची जागा बदलली की त्याच्या लेखी पद वेगळं. बाईंनी डबा बाजूला सारला, दुसरी प्रत घेतली आणि पेन्सिलीनं जोड्या खोडत गेल्या. शेवटी एकही पद उरलं नाही.

"सर, उत्तर शून्य आहे."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. मग हळूच म्हणाले, "कुठे बोलू नका. उद्या तुमच्या कायमच्या कागदावर सही करतो."

मंगळवारी मंडळ आलं. एकेकानं गठ्ठा हातात तोलून पाहिला. वाचला कुणीच नाही, टाळ्या मात्र सगळ्यांनी वाजवल्या. बाई मागे उभ्या राहून आतून धुमसत होत्या. सहा वर्षं यांचे कंस मिटवले, आता यांची अब्रूही आपणच झाकायची?

निघताना अध्यक्षांनी सहज विचारलं, "बाई, थोडक्यात काय आहे हो यात?"

"थोडक्यात, शून्य," म्हणत बाईंनी खोडलेली प्रत पुढे केली.

सर काय ते चपळ! "अगदी बरोबर. आम्ही मुद्दाम हातानंही पडताळून घेतलं."

अध्यक्षही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "मग हे खोडणं मशीनलाच शिकवा. तीन महिन्यांनी येतो. नाही जमलं, तर मशीन दुसऱ्या विभागाला."

पाहुणे गेल्यावर सर बाईंवर बरसले. "कायम व्हायचं आता विसरा!" पंधरा दिवस ते स्वतःला खोलीत कोंडून घेऊन प्रोग्राम लिहीत बसले. काही केल्या जमेना. सोळाव्या दिवशी बाईंसाठी चहाचा कप घेऊन आले.

"तुम्ही नेमकं कसं खोडलंत हो?"

"सांगते की. आधी कायमच्या कागदावर सही. आणि पद्धत छापाल तेव्हा लेखावर पहिलं नाव माझं."

सरांनी मुकाट्यानं कागद पुढे ओढला, पेन काढलं, लिहायला वाकले आणि थांबले.

"बाई," ते म्हणाले, "तुमचं नाव काय?"