बाजरीतला गोसावी

माझा संसार टिकला तो आमच्या गावच्या ग्रामसेवकांमुळं, हे आधी लिहून ठेवते. ते सांगलीकडचे जैन. घरची शेती नदीकाठची, उसाची, आणि नेमणूक मात्र आमच्या आटपाडीच्या माळावर. सरकारी बी आणि खत तेच वाटायचे, म्हणून गाव त्यांना पाठीमागं 'खतवाला' म्हणायचं. मी अण्णा म्हणायचे. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. एकदा माझ्याच हातानं ते कागदावर लिहिलं गेलं आणि त्या कागदानं त्यांचं वाटोळं केलं. पुन्हा लिहायला हात धजत नाही.

मी खंडाळ्याकडची. चौथी पास झाले. पाचवीची शाळा दोन कोसांवर, शिवाय पाठची दोन भावंडं सांभाळायला घरात कुणी नाही, म्हणून दप्तर खुंटीला टांगलं ते टांगलंच. सोळाव्या वर्षी लग्न होऊन इकडं आले. नकाशात ही गावं एकमेकांपासून फार लांब दिसत नाहीत. पण एस.ट्या बदलत दिवसभर बसून मावळतीला उतरले तेव्हा चहूकडं नुसता माळ, बाभळी आणि मेंढरं. ओळखीचं एक झाड दिसलं नाही. नवरा पलटणीत. लग्नानंतर वीस दिवसांनी गेला, मग वर्षातनं एक महिना यायचा. घरात सासू, धाकटे दीर आणि मी. जमीन चार एकर, सगळी आभाळाच्या भरवशावर.

सासू वाईट नव्हती असं मी लोकांना सांगते. खरं तर मला तिची भीती वाटायची, आणि ती जाऊन इतकी वर्षं झाली तरी अजून वाटते. लिहिता-वाचता घरात मला एकटीलाच यायचं. दीर दुसरीतनंच मेंढरांमागं गेलेले. त्यामुळं मुलाला पाठवायची पत्रं सासू मलाच सांगायची, आणि त्यात माझ्याच कागाळ्या असायच्या.

"लिही, सूनबाईला तीन वरसं झाली, कूस उजवंना."

"लिहिलं, आत्याबाई."

"लिही, दुसरी बघावी म्हणती मी. वाच बघू."

मी वाचायचे. ती डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, "अक्षर लय ग्वाड हाय तुझं."

मोठ्या दुष्काळानंतर दोनएक वर्षांनी अण्णा हायब्रीड बाजरी घेऊन आले. त्यांना गावात एक एकर हवं होतं, सगळ्यांना बघता येईल असं, वाटेकडेचं. विहिरीवाल्या मोठ्या शेतकऱ्यांनी हात झटकले. आधी दुसऱ्याच्या रानात काय होतंय ते बघू म्हणाले. अण्णा आमच्या दारात आले. सासूनं बी ओंजळीत घेतलं. औषध चोळलेलं, गुलाबी.

"ह्येला कुकू कुणी लावलं?"

"कीड लागू नये म्हणून औषध आहे, आजी."

"मग कीड मरायची आन् आमी जगायचं?"

दीर हसले. अण्णाही हसले. मग पिशवीतला छापील कागद त्यांनी माझ्यापुढं धरला, आणि मी तो थांबत थांबत सगळा वाचला. दोन ओळींतलं अंतर, खत कधी, खुरपणी कधी. माझ्यामुळं पेरायचं ठरलं. सासूनं तेव्हाच सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "ही वाचती म्हणून पेरतोय. बुडालं तर हिला खंडाळ्याच्या गाडीत बसवणार, परत आणणार न्हाई." मला ठाऊक होतं की ती बोलते ते करते. आणि माहेरी भावांची लग्नं झाली होती, चुलीपाशी माझ्यासाठी जागा उरली नव्हती.

बाजरी उगवली ती एकसारखी, दाट, काळपट हिरवी. वाटेनं जाणारी माणसं उभी राहून बघायची. मी रोज दोनदा रानात जायचे, एकदा कामाला आणि एकदा नुसती बघायला. गुडघ्याच्या वर गेल्यावर मात्र मधनंमधनं ताटं, म्हणजे उभी धाटं, पिवळी पडायला लागली. आणि आमच्या आधी पेरलेल्या शेजाऱ्याच्या रानात कणसाच्या जागी हिरव्या पाल्याचा झुपका आला, जटा वाढवल्यासारखा. त्यात दाणा नाही. त्याला आमच्याकडं गोसावी म्हणतात. बाजरीला गोसावी लागला.

इथली रीत अशी की रानात आलेल्या गोसाव्याला हात लावायचा नाही. दारातला गोसावी जसा हाकलत नाहीत, तसा हाही उपटायचा नाही. त्याला हळदकुंकू वाहायचं, आणि सुगीला त्या झुपक्यांची जुडी खऱ्या गोसाव्याच्या झोळीत घालायची. आमच्या बांधाजवळ पहिला झुपका दिसला तेव्हा सासूनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "एक गोसावी घरात व्हता, आता रानात बी आला." बांधावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. गोसाव्याला पोर नसतं. तेव्हापासून त्या मला हाकच तशी मारायच्या. "ए गोसाव्या, पाण्याला येतीस का?"

अण्णांनी मला एका सकाळी दव असताना पिवळ्या ताटाचं पान उलटं करून दाखवलं. खाली पांढरं पीठ होतं.

"हे वाऱ्यानं उडतंय आणि शेजारच्या ताटाला लागतंय. ही पिवळी झालेली सगळी गोसावीच होणार. आत्ता उपटून पुरली तर बाकीचं वाचंल. आठ दिवस थांबलीस तर काही वाचत नाही."

"आत्याबाई न्हाई म्हणत्यात."

"मी त्यांना दोनदा सांगितलं. मला म्हणाल्या, देवाच्या माणसाला उपटा म्हणणारा तू कुठला? आता काय करायचं ते तू बघ."

पुढच्या बाजाराच्या दिवशी सासू आणि दीर एक बकरा घेऊन आटपाडीला गेले. ते वाटेला लागले आणि मी रानात शिरले. पहिलं ताट उपटताना मी हात जोडले. नंतर जोडले नाहीत. दुपारपर्यंत एकराचा चौथा हिस्सा मोकळा झाला. मागं वळून बघितलं. एवढं देखणं रान उंदरांनी कुरतडलेल्या घोंगडीसारखं दिसत होतं. मी तिथंच बसून रडायला लागले. अण्णा सायकलवरून चालले होते, ते बघून उतरले. सायकल बाभळीला टेकवली, सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि राहिलेल्या दोन ओळी स्वतः उपटल्या. ओला पाला जळेना, तेव्हा बांधाला खड्डा काढून पुरायला घेतला. खड्डा निम्मा भरला असेल, तेवढ्यात दीर आणि सासू येऊन उभे राहिले. बकरा लवकर खपला होता.

सासूनं रान बघितलं. ओरडली नाही. हळूच विचारलं, "कुणी उपटली?"

माझ्या हाताला चीक लागला होता. नखांत माती होती. माझ्या डोळ्यांपुढं एस.टी. आली, तिच्या खिडकीतली मी आले. मी बोट केलं.

"ह्यांनी. मी नगा म्हणत व्हते."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "व्हय. मीच उपटली." जन्मभर 'हो' म्हणणारा माणूस, त्या वेळी आमच्यासारखं 'व्हय' म्हणाला.

दिरांनी त्यांच्या मुस्काटात मारली. चष्मा खड्ड्यात पडला. वाटेनं बाजारची माणसं परत येत होती, ती जमली. कुणीतरी म्हणालं पोलिसात द्या, कुणी म्हणालं सोडून द्या, सरकारी माणूस हाय. सासू म्हणाली, "पोलीस कशाला? उपटली तशी लावू दे की."

तसं झालं. खड्ड्यात घातलेली ताटं काढून अण्णांना ती एकेक करून रानात परत लावायला लावली. सुकायला लागलेली, मान टाकलेली ताटं. ते गुडघ्यावर बसून बोटानं माती उकरायचे, ताट उभं करायचे, माती दाबायचे. ते पडायचं. दीर म्हणायचे, "सरळ लाव रं, कागदावर काय लिवलंय? ओळीत अंतर ठेव." माणसं पोट धरून हसत होती. एक म्हातारा म्हणाला, "गड्या, खतवाला हायस न्हवं, मग खत घाल की वाईच." आणि सासूनं माझ्या हातात तांब्या दिला. "त्येनं लावली की तू पाणी घाल."

मी घातलं. प्रत्येक ताटाला. अण्णांच्या हातावर पाणी पडायचं, ते मान वर करायचे नाहीत. ऊन उतरेपर्यंत चाललं होतं. शेवटी बांधाजवळच्या त्या गोसाव्यापुढं नाक घासायला लावलं आणि सायकलच्या दोन्ही चाकांतली हवा काढली. आटपाडीच्या दिशेनं ते सायकल ढकलत गेले.

दुसऱ्या दिवशी चावडीत तालुक्याच्या साहेबांना अर्ज करायचं ठरलं. लिहिणार कोण? मीच. सासू शेजारी बसली. एकजण म्हणाला, "बाईमाणूस रानात एकटं बघून शिरला असं घाला." सासूनं त्याला गप्प केलं, "आमची अब्रू जाईल ती कुणी भरून द्यायची?" मग दारू ठरली. दारूच्या नशेत उभं पीक उपटलं. पाणीसुद्धा फडक्यानं गाळून पिणारा माणूस, त्याचं नाव घालून मी तसं लिहिलं. खाली अकरा अंगठे उठले. सासू म्हणाली, "वाच." मी वाचलं. कुठं अडखळले नाही. आमच्या त्या एकराच्या सगळ्या नोंदी मीच त्यांच्या वहीत लिहिल्या होत्या. ते अक्षर कुणाचं हे त्यांना पहिल्या ओळीला कळलं असणार.

महिन्याभरात त्यांची बदली झाली. कुठं ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्यांनी लावलेली ताटं तिसऱ्या दिवशी वाळून आडवी झाली. शेजाऱ्याच्या रानात हळदकुंकू वाहत वाहत निम्म्याहून जास्त गोसावी माजला, दाण्याऐवजी वैरण निघाली. आमच्या रानात मात्र मोकळ्या जागी वारा खेळला, राहिलेल्या बाजरीला फुटवे फुटले आणि कणसं वीतभर लांब, भरलेली. मळणीला खळं पुरलं नाही. गावातली माणसं मूठभर दाणे हातावर घेऊन बघायची. सासू सगळ्यांना सांगायची, "खतवाल्यानं नाक घासलं तवा गोसावी पावला." पलटणीत पाठवायच्या पत्रात तिनं मला लिहायला लावलं की सून पायगुणाची निघाली, आता दुसरी बघायला नको. मी लिहिलं, आणि त्या बाजरीची भाकरी वर्षभर खाल्ली. चांगली लागायची, हे पण लिहिलं पाहिजे.

गावात मी कुणाला खरं सांगितलं नाही. पुढं मला दोन मुलं झाली. त्यानंतरच्या वर्षांत पिवळं ताट दिसलं की मी कुणी नसताना उपटते, एकदोन, खालून पीठ असलेलीच. सासू असताना लपून उपटायचे. ती गेल्यावरही लपूनच उपटते.

मागच्या वर्षी मिरजेच्या बाजूच्या एका वाण्यानं बोलता बोलता सांगितलं की अण्णा आता त्यांच्या गावी असतात, नोकरी आधीच सोडली, स्वतःचं रान बघतात. गावाचं नाव मी पाठ केलंय. अजून गेले नाही, कारण भीती वाटते. त्यांची नाही. त्यांच्या दारात उभी राहिल्यावर मी परत काहीतरी दुसरंच बोलेन की काय, त्याची.

पण अण्णा, मी येणार हाय. तुमच्या अंगणात, तुमच्या सुना-नातवंडांदेखत, बाजरी मी उपटली आणि दारूचं मी लिहिलं, असं मोठ्यानं सांगणार हाय. मग तुम्ही म्हणाल तितके दिवस तुमच्या रानात राबून तुमचं फेडीन. जीव आहे तोवर कधीतरी, पण फेडीन.