विहिरीपासून रस्त्यापर्यंत

मे महिन्यातलं अग्निनक्षत्राचं ऊन सकाळी आठालाच जॉर्ज टाउनच्या बोळात उतरलं होतं. बंदराकडून वारा यायचा तो नुसता खारट; गारवा नावाला नाही. सेतुमाधवरावांनी ओटा पुसला, टाइपरायटरवरचं फडकं झटकलं आणि कोर्ट-फीची तिकिटं चिकटवायला मैद्याची खळ ढवळायला घेतली. गोंदाच्या बाटल्या शेजारच्याच दुकानात मिळत, पण चाळीस वर्षं दस्तऐवज लिहिणाऱ्या या माणसाचा हट्ट एकच: गोंद उन्हानं सुटतो, खळ सुटत नाही.

घराणं तंजावरकडचं. वडिलांनी छडी मारून मोडी शिकवली. आता, २००४ साली, कुणाच्या पेटीतून जुना मोडी कागद निघाला की वकील याच ओट्याकडं बोट दाखवत. "सेतूचा कागद परत येत नाही," म्हणत.

त्या दिवशी आला.

घेऊन आल्या कनकाअक्का. सत्तरी गाठलेल्या, दोन बोळ पलीकडं मागल्या घरात अप्पळम, म्हणजे उडदाचे पापड, लाटून विकणाऱ्या.

"सेतू, पुढल्या घराचा नवा मालक गेटास कुलूप लावतो म्हणून नोटीस पाठवलाय. एक तारखेपासून."

"का म्हणून?"

"ती वाट विहिरीची होती म्हणतो. विहीर बुजली, वाट सरली."

"मागून गटाराकडची बोळ आहे की, अक्का."

"त्यातून मांजर जाईल. माझ्या अप्पळमच्या पाट्या जातील काय? आणि मी मेल्यावर? घडी घालून नेणार मला?"

सेतुमाधवराव हसले आणि नोटीस उलटली. मागं दोन्ही घरांच्या १९२१च्या वाटणीपत्राचं इंग्रजी भाषांतर जोडलेलं. 'विहिरीची वाट' अशा अर्थाच्या शब्दांखाली लाल रेघ. तळाशी तारीख १९६८ची, आणि सही...

हसू तिथंच थांबलं. सही त्यांचीच होती.

"मूळ कागद आहे, अक्का?"

अक्कांनी पिशवीतून पत्र्याचा डबा काढला. सेतुमाधवरावांनी चष्मा पुसला. मोडी म्हणजे शब्दाला शब्द चिकटलेला, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, सगळी ओळ एका दमात. बोट ठेवून त्यांनी अक्षरं सोडवली: 'विहिरीपासोन रस्तियावरी वहिवाट पूर्वीपासोन चालत आली ते चालवावी.'

पुन्हा वाचलं. पुन्हा. तरण्या डोळ्यांनी 'विहि'वरून थेट 'वहि'वर उडी मारली होती. मधला रस्ता गिळला होता.

चूक सापडली तरी त्यांना नवल वाटलं ते त्या शब्दाचं. वाट जमिनीवर असते. ती खणता येते, तिच्यावर भिंत घालता येते. वहिवाट असते माणसांच्या पायांत. विहीर इथं नुसती खूण, चालणं कुठून सुरू होतं एवढीच. वकील इंग्रजीत वर्षं मोजतात, उघडपणे चाललात का विचारतात. जुन्या माणसांनी ते सगळं एका शब्दात बांधून ठेवलेलं.

"अक्का, त्या वाटेनं जाताना कधी कुणाला विचारलं तुम्ही?"

"माझ्या वाटेनं जायला कुणाला विचारू? तो मालक काल आलाय!"

"कोर्टही हेच विचारील. हेच सांगा. फक्त आवाज थोडा खाली."

"म्हणजे कागदात वाट आहे?"

"रस्त्यापर्यंत आहे."

"मग ते इंग्रजी कुठल्या गाढवानं लिहिलं रे?"

बोळातून एक हातगाडी गेली. खरं तर मोडी वाचणारं दुसरं कुणी आसपास नव्हतं. जुना कागद फाटला होता, पुसट होता, असं म्हणता आलं असतं.

"मी लिहिलं, अक्का."

"तू?"

"चार वर्षंच झाली होती ओट्यावर बसून. आता शपथेवर लिहून देतो, माझं वाचणं चुकलं म्हणून."

"अय्यो. सेतूला मोडी येत नाही म्हणतील की लोक."

"त्या दिवशी आली नाही, हे खरंच आहे."

त्यांनी कागद चढवला. स्वतःचं नाव, बापाचं नाव, वय. हजारोंसाठी टाइप केलेली ती ओळ स्वतःसाठी टाइप करताना बोटं दोनदा अडखळली. सही केली. अक्कांनी सहीकडं बघितलं, मग पिशवीतून केळीच्या पानात बांधलेले अप्पळम काढून ओट्यावर ठेवले.

"गाढव म्हटलं ते राहू दे हं," त्या म्हणाल्या. "फक्त त्या साली होतास."

तिकीट लावायला सेतुमाधवरावांनी भांडं ओढलं. खळीवर साय धरली होती, खाली गुठळ्या. त्यांनी तांब्यातलं पाणी घातलं आणि पुन्हा ढवळायला घेतलं.