जिवंत, राहू दे

आमच्या प्रयोगशाळेतली सगळ्यात छोटी खोली अंधाराची होती. कोंबड्यांच्या रोगांचे विषाणू नुसत्या बाटलीत वाढत नाहीत, त्यांना जिवंत शरीर लागतं. म्हणून आम्ही पिल्लू धरलेली अंडी वापरायचो, आणि ती अंडी रोज तपासावी लागायची. एका डब्यात पेटता दिवा कोंडलेला, डब्याला रुपयाएवढं भोक, त्या भोकावर अंडं टेकवायचं. कवच नारिंगी होऊन उजळायचं, आत लाल शिरांचं जाळं दिसायचं आणि मधे एक काळसर ठिपका. ठिपका हलला की मी म्हणायचे, "जिवंत." शेजारी उभी असलेली माझी जोडीदारीण अंडं हातात घेऊन परत ट्रेमध्ये ठेवायची आणि म्हणायची, "राहू दे." ठिपका हलला नाही, शिरा विरल्यासारख्या दिसल्या, की मी म्हणायचे "गेलं," आणि ती म्हणायची, "काढ."

ही पद्धत कोणी सुरू केली कोण जाणे. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा जुने लोक असंच करायचे, आणि त्यांनी आम्हाला एकच गोष्ट बजावली होती. समोरून उत्तर आल्याशिवाय अंडं हातातून सोडायचं नाही. अंधारात हात चुकतात. नागपूरच्या मे महिन्यात त्या बंद खोलीत, कूलरचा आवाज भिंतीपलीकडून येत असताना, आम्ही दोघी घामाने निथळत देवळातल्या आरतीसारखं तेच ते म्हणत राहायचो. सुटीत घरी गेल्यावर आईला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसायची. "सरकार तुमाले ह्याचा पगार देते?"

आई तेव्हा बुटीबोरीच्या वाटेवरच्या आमच्या जुन्या वस्तीत एकटी राहायची. वडील लवकर गेले. मागे टिनाचं घर, परसात एक कडुलिंब आणि आईच्या गावठी कोंबड्या. माझ्या नोकरीत एक नियम होता, आणि तो योग्यच होता. जो पक्ष्यांच्या विषाणूंवर काम करतो त्याने घरी पक्षी पाळायचे नाहीत, दुसऱ्यांच्या पक्ष्यांजवळ जायचं नाही. त्यामुळे मी शहरात खोली करून राहायचे आणि वस्तीत जायचं तर सुटीचे दिवस मधे टाकून, अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून जायचे. तरी आई मी वळणावर दिसले की सगळ्या कोंबड्या टोपल्यांखाली कोंडायची.

"लोकायच्या घरी पावना आला का कोंबडी कापते," ती शेजारणीला ओरडून सांगायची, "आन् माही पोरगी आली का मले कोंबड्या कोंडा लागते!"

शेजारपाजारच्या बाया हसायच्या. मीही हसायचे, पण टोपल्यांखालून येणारा तो चिडका कुरकुराट ऐकत जेवताना मला फार ओशाळं वाटायचं. त्या कोंबड्या तिच्या होत्या आणि मी पाहुणी होते. तिच्या हातची मिरची-लसणाची चटणी आणि ज्वारीची भाकर मात्र तशी पुन्हा कुठे मिळाली नाही.

मग एका हिवाळ्यात वस्तीजवळच्या एका पोल्ट्रीत पक्षी पटापट मरायला लागले. शंका आली की नमुने आमच्याकडून पुढे मोठ्या प्रयोगशाळेत जायचे, तसे गेले. तिथे बर्ड फ्लू सापडला. त्यानंतर काय करायचं ते ठरलेलं असतं. पोल्ट्रीभोवती एक वर्तुळ आखतात आणि त्या वर्तुळातले सगळे पक्षी संपवतात, आजारी असोत की धडधाकट. आईच्या कोंबड्या धडधाकट होत्या, पण घर वर्तुळात होतं. त्या दिवशी मी प्रयोगशाळेत होते, कामाचा डोंगर होता, निघताच आलं नाही. पांढऱ्या पोशाखातली, तोंड झाकलेली माणसं परसात आली आणि टोपल्यांसकट कोंबड्या घेऊन गेली.

आईने कोणाला अडवलं नाही. रडली नाही, असं शेजारणीने सांगितलं. फक्त एकेका पांढऱ्या पोशाखाच्या समोर जाऊन त्याच्या चष्म्यात वाकून पाहत होती म्हणे. त्यात मी आहे का, हे पाहत होती.

नंतर ती माझ्याकडे राहायला आली. परसात आता थांबण्यासारखं काही नव्हतं. नागपुरात सदर भागातल्या माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात तिने गॅलरीत तुळस, ओवा, कढीपत्ता लावला, खालच्या भाजीवाल्याशी भांडण काढलं, आणि आमचे चांगले दिवस सुरू झाले. मला ते दिवस आज फार आठवतात. मी संध्याकाळी आले की ती विचारायची, "आज किती राहू दे, आन् किती काढ?" मी आकडा सांगायचे. ती मान हलवायची, जसं काही ट्रे तिच्याच हातात होता.

धाप लागायला लागली ती त्याच जिन्यावर. आधी एका मजल्यावर थांबायची, मग चार पायऱ्यांवर. एकदा विहारातून येताना जिन्यातच डोळ्यापुढे अंधारी येऊन बसली. आमच्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं आणि रामदासपेठेत जाऊन हृदयाची सोनोग्राफी करून घ्या म्हणाले. लवकर करा म्हणाले, असं चालवत राहण्यात धोका आहे.

आईने साफ नाही म्हटलं.

मी समजावलं, धमकावलं, अबोला धरला. तपासणीला सुई नाही, काही नाही, नुसतं छातीवर यंत्र फिरवतात. ती ऐकून घ्यायची आणि वांगी चिरत राहायची. शेवटी मी चिडून म्हटलं, "अगं, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?"

तिने सुरी खाली ठेवली. "झाकाले कोंबडं ठेवलं कुठी तुमी?"

मग ती हळूच बोलली, आणि मला पहिल्यांदा कळलं की ती यंत्राला भीतच नव्हती. "तुमच्या तपासनीत नाही सापडलं तोवर बरं असते. सापडलं का मंग संपवतेच. म्या पाह्यलं हाय माया डोयानं."

दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला ठाऊक होतं. पण हिचं तोंड भाजलं होतं ते माझ्या कामाने. मला रडू आलं. मी रडतरडतच भांडले. तू गेलीस तर मी संध्याकाळी आकडे कोणाला सांगू, असलं काहीतरी बावळटासारखं बोलले. तिने चिरलेली वांगी बाजूला सारली.

"तू आत राहशील का माया संग? दाराबाहेर नाही, आत."

"राहीन."

"त्या दिवशी नव्हती तू," ती म्हणाली. रागाने नाही, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. "चाल मंग."

रामदासपेठेतल्या त्या दवाखान्यात तपासणीची खोली अंधारी होती, हे कोणी मला आधी सांगितलं नव्हतं. दार लागलं, दिवे मालवले, आणि मला एकदम आमच्या खोलीत आल्यासारखं वाटलं. आई कुशीवर झोपली. मी तिच्या पायाशी उभी. डॉक्टर बाई चाळिशीतल्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी छातीवर थंड जेल लावलं, यंत्र टेकवलं, आणि पडद्यावर राखाडी धुक्यात काहीतरी उघडमीट करू लागलं.

आणि मी खणखणीत आवाजात म्हणाले, "जिवंत!"

डॉक्टरांचा हात जागीच थांबला. मदतनीस मुलगी माझ्याकडे पाहतच राहिली. वीस-पंचवीस वर्षांची सवय तोंडातून निसटली होती, आणि तो शब्द गिळून टाकायची सोय नव्हती. पेशंटच्या नातेवाईकाने असं ओरडावं, ही काय शोभा! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यात खाटेवरून, भिंतीकडे तोंड केलेली आई म्हणाली, "राहू दे वं."

आणि हसायला लागली. हसताना छाती हलायला लागली, पडद्यावर नुसता गोंधळ झाला, डॉक्टर म्हणाल्या, "आजी, हसू नका, मला दिसत नाहीये," त्यावर ती आणखीच हसली.

हसून झाल्यावर तपासणी झाली. दिवे लागले. आई उठून बसली, पदर सारखा केला आणि सरळ विचारलं, "सापडलं?"

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "हृदयातली एक झडप अरुंद झाली आहे. म्हणून धाप लागते."

आईने माझा हात धरला. "मंग आता?"

"आता ती झडप बदलू. तुमची बाकी तब्येत चांगली आहे, आजी. जमेल."

आईचा हात माझ्या हातात सैल पडला. मग ती डॉक्टरांना नाही, मला म्हणाली, "सापडल्यावर असंही करता येते? मंग माया कोंबड्यायले काहून नाही?"

मला उत्तर पाठ होतं. विषाणू कसा पसरतो, वर्तुळ का आखतात, हे मी शेकडो लोकांना समजावून सांगितलेलं आहे, आणि ते खरंही आहे. त्या दिवशी मला ते तिला सांगता आलं नाही.

झडप बदलली. आईला त्यानंतर बरीच वर्षं मिळाली, चांगली, भांडखोर वर्षं. सकाळी चहा ठेवताना मी तिच्या खोलीत डोकावायचे आणि ती पांघरुणातूनच ओरडायची, "जिवंत!" मी म्हणायचे, "राहू दे." तोवर ती उठायची नाही. शेवटी गेली ती म्हातारपणाने, आपल्या खाटेवर, माझ्या देखत. त्या सकाळी आम्ही दोघी काहीच बोललो नाही.

यंदा मी निवृत्त झाले. आता नियम सुटला, म्हणून वस्तीतलं घर दुरुस्त करून तिथेच राहायला गेले आणि चार गावठी कोंबड्या नि एक कोंबडा आणला. एक कोंबडी खुडुक होऊन अंड्यांवर बसली. आठवड्याने दुपारी दार लावून घेतलं, खिडकीवर चादर टाकली आणि मोबाइलच्या उजेडावर तिचं एक अंडं धरलं. कवच नारिंगी झालं. लाल शिरा, मधे ठिपका. हलला.

"जिवंत," मी म्हटलं.

उत्तर आल्याशिवाय अंडं सोडायचं नाही. मी ते धरून उभी राहिले, बराच वेळ. अंडं हातात निवत चाललं, टोपलीतली कोंबडी कुरकुरायला लागली. तेव्हा मीच म्हटलं, "राहू दे वं," आणि ते तिच्या पोटाखाली सरकवलं.